तुळशीच्या लग्नात वृंदेची कथा सांगावी की गाळावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सीवूड्सच्या तुमच्या सोसायटीत दरवर्षी तुळशीचं लग्न लागतं आणि यंदा लग्नाआधी कथा सांगायचं काम तुमच्याकडे आलं आहे. घरी तयारी करताना अकरा वर्षांच्या लेकीनं जालंधर-वृंदेची गोष्ट ऐकली आणि विचारलं, "बाबा, देवानं तिला फसवलं ना? मग तिचं त्याच्याशीच लग्न का लावायचं?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. कमिटीतल्या कुणीतरी सुचवलं की तेवढा भाग गाळा, नुसती मंगलाष्टकं म्हणा. त्यातच लेकीनं आणखी विचारलं की गणपतीचं लग्न झालंय की नाही, खंडोबाला दोन बायका कशा, आणि यातलं खरं कुठलं.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि गेली चोवीस वर्षं पौरोहित्य करते. कार्तिक शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा हे चार दिवस माझ्या संध्याकाळी तुळशीच्याच असतात. कधी कधी एका संध्याकाळी तीन लग्नं लागतात, घोडबंदर रोडच्या टॉवरपासून कळव्याच्या चाळीपर्यंत. तुमच्या लेकीचा प्रश्न मला दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारी बहुतेक दहा ते चौदा वर्षांची मुलगीच असते.

तुमची खरी अडचण मला अशी दिसते: मुलीनं बरोबर ओळखलंय, आणि तिला चूक ठरवल्याशिवाय हे लग्न आनंदानं लावता येईल का, याची तुम्हाला खात्री वाटत नाही. लावता येतं. त्यासाठी कथा गाळायची नाही, पूर्ण सांगायची. आपण एरवी जो भाग गाळतो तोच सांगायचा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. समोर सगळी पाच-सहा वर्षांची पोरं असतील तर मी ही कथा काढत नाही. तुळस नवरी, कृष्ण नवरदेव, ऊस मांडव, एवढं त्यांना पुष्कळ होतं. ज्या घरांत कथा सांगायची रीतच नाही, नुसतं अंतरपाट धरून मंगलाष्टकं होतात, तिथे मी माझ्या मनानं कथा घालत नाही. तीही रीतच आहे. आणि श्रोत्यांत फसवणूक सोसलेली एखादी बाई आहे हे मला ठाऊक असेल, तर मी शब्द फार जपून वापरते. तुमच्याकडे मात्र प्रश्न विचारून झालेला आहे. आता गाळलंत तर मुलीला एवढंच कळेल की मोठ्या माणसांकडे उत्तर नव्हतं म्हणून त्यांनी पान उलटलं.

आता मूळ कथेकडे येऊ. आपण जी एक गोष्ट म्हणून ऐकतो त्या खरं तर दोन आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली वृंदेची. पद्मपुराण, स्कंदपुराणातलं कार्तिकमाहात्म्य आणि शिवपुराण यांत ती येते. शंकराच्या तिसऱ्या डोळ्यातला अग्नी समुद्रात पडला, त्यातून जालंधर जन्मला. त्याची बायको वृंदा, कालनेमीची मुलगी. तिच्या पातिव्रत्यामुळे तो मरत नव्हता, म्हणून विष्णू जालंधराचं रूप घेऊन तिच्याकडे गेला. वृंदेला कळलं तेव्हा तिनं शाप दिला की तुझ्याही बायकोला असंच कपटानं कुणी पळवेल आणि तू माकडांच्या मदतीनं रानावनात हिंडशील. रामायणाचं मूळ पुराणकारांनी इथे नेऊन बांधलंय, हे मुलांना सांगितलं की ती एकदम सरसावून बसतात. मग वृंदेनं अग्निप्रवेश केला.

दुसरी कथा तुळशीची, ब्रह्मवैवर्त पुराणातली आणि देवीभागवतातली. तिथे तुळस ही धर्मध्वज राजाची मुलगी आणि शंखचूडाची बायको. फसवणूक तशीच, शाप वेगळा: "तू दगडाच्या काळजाचा आहेस, दगड हो." विष्णूनं तो शाप मान्य केला. तिच्या देहाची गंडकी नदी झाली, केसांचं तुळशीचं झाड झालं, आणि तो त्याच नदीच्या काठी शाळिग्राम होऊन राहिला. आजही खरा शाळिग्राम नेपाळातल्या काली गंडकीतूनच येतो. भूगर्भशास्त्र त्याला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवाचा जीवाश्म म्हणतं, आणि पुराण म्हणतं की आतली चक्रं वज्रदंती किड्यांनी कोरलेली आहेत. शाळिग्राम हातात घेऊन मी मुलांना दोन्ही सांगते. आपण रोज देव्हाऱ्यात ज्याला स्नान घालतो तो दगड म्हणजे एका बाईच्या शापाचा पुरावा आहे, हे त्यांच्या डोळ्यांसमोर येतं.

मीसुद्धा हे आधी गाळत होते. पहिली पाच-सहा वर्षं मी कथा अशी सांगायचे: वृंदा मोठी पतिव्रता होती, देवानं लीला केली, तिला तुळशीचं रूप देऊन अमर केलं, बोला पुंडलिक वरदे. कळव्याच्या एका चाळीत असंच सांगून झालं. गॅलरीत रंगवलेल्या डब्यातली तुळस होती, गेरू अजून ओला होता, बाजूला सुपात बोरं, आवळे, चिंचा मांडून ठेवल्या होत्या. ते सगळं मांडणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या असतील. लोक पेढे घेऊन पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, शाप राहिला." मी म्हटलं, लहान मुलं होती ना, आजी. त्या म्हणाल्या, "माझी सासू हीच कथा सांगायची. शापाशी आली की थांबायची आणि आम्हा सगळ्या सुनांकडे एकेक करून बघायची. मग पुढं सांगायची." आणि सुपातला एक आवळा माझ्या हातावर ठेवून त्या आत गेल्या.

त्या रात्री घरी येऊन मी कार्तिकमाहात्म्य पुन्हा काढलं. शापानंतरचा भाग मी कधी नीट वाचलाच नव्हता. वृंदा गेल्यावर विष्णू वैकुंठाला परत जात नाही. तिच्या राखेपाशी बसून राहतो, ती राख अंगाला फासतो, कुणाचं ऐकत नाही. देव घाबरतात आणि देवीला शरण जातात. तेव्हा लक्ष्मी, सरस्वती आणि गौरी यांच्याकडून तीन बीजं मिळतात. देव ती त्या राखेत पेरतात आणि तीन झाडं उगवतात: आवळा, मालती आणि तुळस. तुळस गौरीच्या बीजातून. आवळ्याचा अर्थ मला तेव्हा कळला. आपण त्याला हंगामाचं फळ समजतो, पण तो तुळशीबरोबर त्याच राखेतून वर आलेला आहे.

म्हणजे देवानं केलं ते बरोबर होतं असं ही कथा म्हणत नाही. देवांचं काम अडलं होतं हे ती सांगते, पण त्याची किंमत एका निरपराध बाईनं मोजली हेही सांगते, तिच्या तोंडी शाप देते आणि तो शाप खरा करून दाखवते. आपल्या परंपरेत शाप कुणाचाही लागत नाही. ज्याची बाजू खरी त्याचाच लागतो. तेव्हा तुमच्या लेकीनं जे ओळखलं ते पुराणकारानं आधीच ओळखलेलं आहे, आणि तिला हे सांगायला हवं.

"मग लग्न का?" हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला पोथीपेक्षा विधीत जास्त सापडतं. लग्न लावताना नीट बघा, कोण कुणाच्या दारात येतं? तुळशीवृंदावन जागचं हलत नाही. बाळकृष्ण किंवा शाळिग्राम ताम्हनात घालून, वाजतगाजत तिच्याकडे आणावा लागतो. माणसांच्या लग्नात शेवटी पाठवणी असते, आई-बाप डोळे पुसतात. तुळशीच्या लग्नात पाठवणी नसते. ती आपल्या अंगणात राहते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती तिथेच असते. शिवाय विष्णूच्या नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवल्याशिवाय तो त्याला पोचत नाही असं आपण मानतो. पक्वान्नं कितीही असोत, तिच्या पानावाचून ती ताटातच राहतात. दरवर्षी त्यानं तिच्या दारी यायचं, तिच्यासमोर उभं राहायचं, आणि रोजच्या जेवणाला तिची संमती घ्यायची. मी या लग्नाकडे असं बघते. पोथीत हे अशा शब्दांत लिहिलेलं नाही, विधी करता करता माझं मत असं बनलं आहे. मुलांसमोरही मी "मला असं वाटतं" असंच म्हणते, कारण पुराणाच्या नावावर आपलं मत खपवणं मला पटत नाही.

लेकीसाठी थेट शब्द हवे असतील तर मी साधारण असं बोलते: "हो, फसवलं. वृंदेची काही चूक नव्हती. तिनं देवाला तोंडावर सांगितलं की तू चुकलास, आणि देवाला ते ऐकावं लागलं. तो दगड झाला. तिच्या राखेपाशी बसून राहिला. तिनं त्याला माफ केलं असं कथेत कुठे नाही, म्हणून आपणही ते तिच्या वतीनं म्हणायचं नाही. आपण दरवर्षी त्या दगडाला तिच्या दारात आणतो. आधी अंतरपाट धरतो, म्हणजे तिला लगेच त्याचं तोंड बघावं लागत नाही. मग अक्षता टाकतो." बहुतेक मुली यावर थोडा वेळ गप्प राहतात, आणि मग अंतरपाट मी धरणार म्हणून पुढे येतात. तुमच्या लेकीला अंतरपाट धरायला द्याच.

आता दुसरा प्रश्न, यातलं खरं कुठलं? देवांची लग्नं वाचताना मी विवाह नोंदणी कार्यालयाचं रजिस्टर डोळ्यांसमोर ठेवत नाही. लग्न म्हणजे सोयरीक. दोन घरं जोडली जातात. म्हणून प्रत्येक वेळी मी एवढंच विचारते की ही सोयरीक कुणी सांगितली, कुठे सांगितली, आणि तिनं कुणाला कुणाशी जोडलं.

चंद्राचं सोपं आहे, मुलांना ते लगेच पटतं. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, त्यात रोहिणी त्याची लाडकी. बाकीच्यांनी वडिलांकडे तक्रार केली, दक्षानं क्षयाचा शाप दिला, मग चंद्रानं प्रभासला शंकराची आराधना केली आणि तिथे सोमनाथ झाला. त्या सत्तावीस बायका म्हणजे सत्तावीस नक्षत्रं. चंद्राला आकाशाची एक फेरी पुरी करायला सुमारे सव्वासत्तावीस दिवस लागतात, म्हणजे एका नक्षत्रात साधारण एक दिवसाचा मुक्काम. इथे लग्न हे पंचांग आहे. गच्चीवर नेऊन मुलीला लालसर रोहिणी दाखवा, आणि चंद्र तिच्याजवळून जातो ती रात्र पंचांगात शोधायला सांगा.

गणपतीचं उत्तर प्रांताप्रमाणे बदलतं. शिवपुराणात विश्वरूप प्रजापतीच्या सिद्धी आणि बुद्धी या मुलींशी त्याचं लग्न होतं, मुलं क्षेम आणि लाभ. त्या कथेत दोघा भावांपैकी आधी लग्न कुणाचं यावरून पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागते. गणपती आई-वडिलांना प्रदक्षिणा घालून जिंकतो आणि कार्तिकेय रुसून क्रौंच पर्वतावर निघून जातो. म्हणून आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. तमिळनाडूत नेमकं उलट आहे: पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, ब्रह्मचारी आणि मुरुगनला दोन बायका, इंद्राची मुलगी देवसेना आणि शिकाऱ्यांच्या वस्तीत वाढलेली वळ्ळी. वाशीला मी एक मराठी-तमिळ लग्न लावलं होतं. मुलाच्या आजीनं पूजेत ठेवायला मुरुगनची दोन्ही बायकांसह तसबीर आणली, आणि मुलीच्या आत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, कार्तिकस्वामीचं दर्शन तर आम्ही बायका घेत नाही, लग्नात कसं चालेल?" मी तसबीर गणपतीच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही घरांना सांगितलं की आज एका घरचा ब्रह्मचारी दुसऱ्या घरी नांदता गृहस्थ आहे, तेव्हा इथे दोघेही भाऊ वऱ्हाडी. त्या आजींनी मग वळ्ळीची गोष्ट मोडक्या हिंदीत अख्ख्या मांडवाला सांगितली. इंद्राची मुलगी आणि शिकाऱ्याची मुलगी एकाच देवाच्या दोन बाजूंना उभ्या असतात, म्हणजे स्वर्ग आणि रान एकाच घरात आलं.

हीच गोष्ट आपल्या खंडोबात आहे, आणि माझ्या मते आपल्या मुलांना ती आधी सांगायला हवी. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. म्हाळसेशी लग्न पालीला लागलं, आणि आजही पौषात साताऱ्याजवळच्या पालीला ते दरवर्षी लागतं. माणसांची लग्नं आपण पौषात लावत नाही, देवाचं मात्र तेव्हाच. बाणाईसाठी देवानं तिच्या घरी चाकरी धरली, मेंढ्या राखल्या. शिंपी, माळी अशा समाजांतल्या आणखी बायकाही सांगतात. जेजुरीला म्हाळसा देवाशेजारी गडावर आहे आणि बाणाईचं देऊळ डोंगर चढताना वाटेत लागतं. जागरणात वाघ्या-मुरळी दोघींचं भांडण गातात तेव्हा वाणी असो की धनगर, सगळे एकाच भंडाऱ्यात पिवळे झालेले असतात. जो समाज म्हणाला "देव आमचा जावई", त्याचं देवावरचं नातं पक्कं झालं. भक्त होऊन मिळालं नसतं इतकं पक्कं. जावयाला मान देतात आणि जाबही विचारतात. तुमच्या लेकीला दोन बायका खटकल्या हे बरोबरच आहे. आज माणसांना तशी मुभा नाही आणि नसावी, हे तिला स्पष्ट सांगा. देवाच्या सोयरिकीचा दाखला देऊन कुणी माणूस दुसरेपणाचं समर्थन करू लागला, तर मी त्याच्या घरी पूजेला बसत नाही.

शंकराच्या लग्नाच्या तारखेवरूनही वाद घालणारे भेटतात. महाशिवरात्रीला शिव-पार्वतीचं लग्न झालं असं मानून आमच्या ठाण्याच्या कौपिनेश्वराला त्या दिवशी मासुंदा तलावापर्यंत रांग लागते. शिखर शिंगणापूरला मात्र हळद चैत्र शुद्ध पंचमीला आणि लग्न अष्टमीला. तिथे शंभूमहादेवाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत पागोटं बांधतात. उत्तराखंडात त्रियुगीनारायणला म्हणतात की लग्न इथेच लागलं, होमातला अग्नी अजून विझलेला नाही. तिन्ही ठिकाणचे लोक खरं बोलतात असं मी मानते, कारण तिघेही वऱ्हाडी म्हणून बोलत असतात. आपल्या गावचं लग्न कुणाला खोटं वाटत नाही.

पण तुमच्या लेकीचं मन वृंदेपाशी अडकलंय, म्हणून तिला मी आणखी तीन नवऱ्या मुलींना भेटवेन. या तिघींचं ऐकलं गेलं.

पहिली पार्वती. बापानं तिचं लग्न विष्णूशी ठरवलं होतं. तिनं मैत्रिणीला सांगितलं, मला शंकरच हवा. मैत्रिणीनं तिला रानात नेलं, तिथे पार्वतीनं वाळूचं लिंग करून पूजा केली, आणि शेवटी हिमालयाला तिचं म्हणणं मान्य करावं लागलं. संस्कृतात 'आली' म्हणजे सखी. सखीनं जिला पळवून नेलं ती हरितालिका. भाद्रपद तृतीयेला बायका उपास करतात तो चांगल्या नवऱ्यासाठी असं सांगितलं जातं, पण नावात अजून ती मैत्रीण आहे. कुठल्याच आरतीत तिला फारसा मान नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी रुक्मिणी, आपल्या विदर्भातली, वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची. भावानं शिशुपाल ठरवला. तिनं ब्राह्मणाहाती कृष्णाला पत्र पाठवलं, आणि भागवतातल्या त्या पत्रात नुसतं प्रेम नाही, योजना आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला मी नगराबाहेर येणार, तिथून मला ने. लोक "कृष्णानं रुक्मिणीला पळवलं" म्हणतात, पण बेत तिचा होता. लग्न जमावं म्हणून मुली एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचं पारायण करतात ते म्हणूनच. पंढरपूरला मात्र ती रुसून दिंडीरवनात आली आणि तिचं देऊळ आजही विठ्ठलापासून वेगळं आहे. रुसवा तसाच आहे, आणि वसंत पंचमीला दोघांचं लग्नही दरवर्षी लागतं. संसार केलेल्या माणसांना यात काही समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी फार जुनी आहे, आणि रोज मांडवात उभी असूनही आपण तिला ओळखत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं पंचाऐंशीवं सूक्त म्हणजे सूर्याच्या मुलीचं, सूर्येचं लग्न. सत्तेचाळीस ऋचा आहेत आणि ऋषी म्हणून नाव तिचंच आहे. वर सोम, मागणी घालणारे अश्विनीकुमार. त्यात म्हटलंय की सवित्यानं तिला पतीला दिलं, तेव्हा तिनं मनानं होकार दिलेला होता. पुढे म्हटलंय, मन हीच तिची गाडी होती आणि आकाश हे त्या गाडीचं छत. पाणिग्रहणाला मी जो मंत्र म्हणते, "गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्", म्हणजे सौभाग्यासाठी मी तुझा हात धरतो, तो याच सूक्तातला. ठाण्याच्या कुठल्याही हॉलमध्ये वैदिक पद्धतीनं लग्न लागतं तेव्हा त्या लग्नाच्या पोटात सूर्येचं लग्न असतं. मंत्राचा अर्थ सांगताना मी एक क्षण थांबते आणि नवरीकडे बघते. ती सवय मला कळव्याच्या आजींनी लावली.

मुलीला हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर सुट्टीत गेटवेवरून लाँच पकडा आणि घारापुरीला न्या. सोमवारी लेणी बंद असतात. मुख्य लेण्यात त्रिमूर्तीपाशी गर्दी असते. तिथून बाजूला कल्याणसुंदर शिल्प आहे, शंकर-पार्वतीचं लग्न, सुमारे सहाव्या शतकातलं. शिल्प बरंच भंगलेलं आहे, हात-पाय गेलेत. तरी पार्वतीची झुकलेली मान दिसते आणि तिला हलकेच पुढे आणणारे वडील मागे दिसतात. ती शंकराच्या उजव्या बाजूला आहे. लग्नविधीत नवरी उजवीकडेच बसते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे अग्नीपाशी ब्रह्मदेव बसलाय, पुरोहित म्हणून. आमच्या कामाची जागा तीच, खाली, कोपऱ्यात, विस्तवाजवळ. पाण्याचा घडा घेऊन चंद्र उभा आहे. पंधराशे वर्षांत मांडवातली माणसांची जागा बदललेली नाही.

आणि इतक्या लांब जायचं नसेल तर सीवूड्सला लागूनच करावे, दारावे ही जुनी आगरी-कोळी गावं आहेत. तिथल्या लग्नात धवलारीण असते. ती मंत्र म्हणत नाही, धवले गाते: हळदीला, मांडवाला, प्रत्येक विधीला. एकवीरेला, गावदेवीला नावं घेऊन लग्नाचं आवतण देते. अशा मांडवात मी बसले आहे. मी एक विधी संपवायचा, मग तिनं धवला घ्यायचा, आणि लोकांचे कान माझ्यापेक्षा तिच्याकडे जास्त. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा हिनं तेराव्या शतकात रचले तेही धवळेच होते, आणि विषय होता कृष्ण-रुक्मिणीचं लग्न. ती परंपरा वाचायची म्हणून आपण ग्रंथालयात जातो, आणि तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर एखादी म्हातारी ती तोंडपाठ गात असते. सोसायटीच्या लग्नाला तिला मानानं बोलवा, साडी-नारळ द्या, दोन धवले म्हणायला सांगा. तुमच्या कथेपेक्षा मुलांना तेच जास्त दिवस आठवेल.

कमिटीला काय सांगायचं, हाही प्रश्न असेलच. कथा सात-आठ मिनिटांची ठेवा. वृंदेची आणि तुळशीची अशा दोन कथा आहेत हे आधीच सांगा, म्हणजे "आमच्याकडे वेगळी सांगतात" म्हणून मध्येच कुणी उठणार नाही. मुलांसमोर "पातिव्रत्य भंग केलं" यापेक्षा "तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन तिला फसवलं" एवढे शब्द पुरतात. "लीला" हा शब्द तिथे वापरू नका. शापाशी आलात की एक श्वास थांबा. प्रश्न आला तर उत्तर द्या, मंगलाष्टकं पाच मिनिटं उशिरा लागली तरी काही बिघडत नाही, गोरज मुहूर्त तेवढा ऐसपैस असतो.

शाळिग्राम कुणाच्या घरी असेल तर बाळकृष्णाबरोबर तोही ताम्हनात ठेवा आणि कथा सांगताना लेकीच्या हातात द्या. जड असतो, दोन्ही हातांनी धरायला सांगा. ऊस पाच घेतलेत तर मांडवाला चार आणि एक प्रसादाला होतो. आवळे सुटे आणण्याऐवजी पानांसकट डहाळी मिळाली तर बघा. आमच्याकडे जांभळी नाक्याच्या बाजारात एकादशीच्या सकाळपासून मिळते, नेरूळलाही मिळावी. ती डहाळी तुळशीच्या अगदी बुंध्याशी खोचा, दोघी एकाच राखेतल्या आहेत.